निवड आधी की निकष आधी?

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च गटात २०२५च्या हंगामात १३६ विद्यापीठांचे संघ होते. नियमित हंगामात प्रत्येकाच्या वाट्याला साधारण बारा सामने येतात. या १३६ संघांनी एकमेकांशी एकेकदा खेळायचे म्हटले, तर ९,१८० सामने भरवावे लागतील. प्रत्यक्षात होतात ते फार तर आठशेच्या आसपास. म्हणजे ज्या जोड्यांची तुलना करायची, त्यांतल्या अकरापैकी जेमतेम एका जोडीचा निकाल मैदानावर लागतो. उरलेल्या दहांबद्दल बोलायचे, तर 'अ'ने 'ब'ला हरवले, 'ब'ने 'क'ला हरवले, म्हणून 'अ' हा 'क'पेक्षा सरस, अशा साखळीचा आधार घ्यावा लागतो, आणि या खेळात अशा साखळ्या दर शनिवारी तुटतात. विजेतेपदासाठी कोणी खेळायचे यावरून तिथे दर डिसेंबरात जे रान पेटते, त्याचे मूळ या अंकगणितात आहे. निवड करणाऱ्यांचे पूर्वग्रह असतात, पैसा अफाट असतो, वाहिन्यांचे हितसंबंध असतात, हे सगळे खरे. पण माणसे निर्मळ असती आणि पैसा नसता, तरी हा पेच सुटला नसता.

इथे फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून लंबगोल चेंडूने खेळला जाणारा अमेरिकन खेळ. खेळणारे विद्यार्थी असले तरी व्याप व्यावसायिक खेळाचा आहे. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाख सात हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात. विद्यापीठे 'कॉन्फरन्स' नावाच्या गटांत विभागलेली आहेत. त्यांतल्या एसईसी, बिग टेन, बिग ट्वेल्व्ह आणि एसीसी या चार कॉन्फरन्स आज बलाढ्य मानल्या जातात, आणि नोटर डेम विद्यापीठ फुटबॉलपुरते कोणत्याच कॉन्फरन्समध्ये नाही. विद्यापीठीय खेळांचे नियमन करणारी एनसीएए ही संस्था इतर खेळांत राष्ट्रीय स्पर्धा भरवते, फुटबॉलच्या खालच्या गटांतही बाद फेरी घेते. सर्वोच्च गटाचा फुटबॉल विजेता मात्र तिने स्वतः कधी ठरवला नाही. ती रिकामी जागा आधी वर्तमानपत्रांनी भरली, मग हंगामाअखेरच्या 'बाऊल' नावाच्या निमंत्रित सामन्यांच्या आयोजकांनी, आणि पुढे कॉन्फरन्सनी आपसांत केलेल्या करारांनी. यांपैकी कोणाचाही पहिला उद्देश न्याय हा नव्हता. तरीही गेली नव्वद वर्षे लोक त्यांच्याकडे न्याय मागत आले आहेत, आणि माझ्या मते तो मागताना चुकीच्या ठिकाणी बोट ठेवत आले आहेत. 'सर्वोत्तम संघ निवडले गेले का?' असा प्रश्न सगळे विचारतात. इतक्या थोड्या सामन्यांतून त्याचे खात्रीचे उत्तर निघूच शकत नाही. विचारायला हवे ते असे की संघाने काय केले म्हणजे तो आत येईल, हे हंगामाच्या आधी ठरले होते का, आणि ठरले असेल तर ते पाळले गेले का.

बाऊल सामन्यांची सुरुवात पाहिली की पुढचा बराच गुंता समजतो. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना शहरात नववर्षाच्या दिवशी गुलाबांच्या रथांची मिरवणूक निघत असे. तिला जोड म्हणून १९०२ साली तिथे फुटबॉलचा सामना ठेवला गेला. मिशिगनने स्टॅनफर्डचा ४९-० असा धुव्वा उडवला. तोच पुढचा रोझ बाऊल. १९३०च्या दशकात मायामीत ऑरेंज, न्यू ऑर्लीन्समध्ये शुगर आणि डॅलसमध्ये कॉटन बाऊल सुरू झाले. गारठलेल्या उत्तरेतून लोकांनी उबदार शहरात यावे, हॉटेले भरावीत, हा त्यामागचा साधा व्यापारी विचार. म्हणून बाऊल समित्या निमंत्रण देताना कोण किती चांगला खेळला याबरोबरच कोणाचे प्रेक्षक किती लांबून येतील हेही पाहत. त्यात लपवाछपवी नव्हती. अडचण झाली ती या सणासुदीच्या सामन्यांवर राष्ट्रीय विजेतेपदाचा भार टाकला गेला तेव्हा. २०१०च्या हंगामात कनेटिकट विद्यापीठ आपल्या कॉन्फरन्सचे विजेते म्हणून फिएस्टा बाऊलला गेले. करारानुसार त्याला १७,५०० तिकिटे घ्यावी लागली, त्यातली फार थोडी खपली, आणि ज्या सन्मानासाठी संघ वर्षभर झटला त्यात विद्यापीठाला दीड दशलक्ष डॉलरांहून अधिक खोट आली. दुसऱ्या टोकाला, बाऊल सामने वाढत वाढत चाळीसच्या घरात गेल्यावर सहा विजय मिळवलेले संघच पुरेनात, म्हणून २०१५ साली पाच विजय आणि सात पराभव असलेल्या तीन संघांना जागा द्यावी लागली. ती मात्र विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक प्रगतीच्या गुणांकानुसार, आधी ठरलेल्या क्रमाने दिली गेली. कमकुवत संघ आत आले तरी फसवणूक झाल्याची तक्रार फारशी उठली नाही.

विजेता ठरवण्याचे काम १९३६ पासून असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या क्रीडा पत्रकारांच्या मतदानाकडे आणि १९५० पासून त्याच्या जोडीला प्रशिक्षकांच्या मतदानाकडे आले. बराच काळ शेवटचे मतदान बाऊल सामन्यांच्या आधीच होई. त्यामुळे १९५०चे विजेते ओक्लाहोमा शुगर बाऊलमध्ये केंटकीकडून हरले, १९६४चे विजेते अलाबामा ऑरेंज बाऊलमध्ये टेक्ससकडून हरले, आणि दोघांचेही विजेतेपद शाबूत राहिले. १९७३ साली प्रशिक्षकांनी विजेते ठरवलेल्या अलाबामाला नोटर डेमने २४-२३ असे हरवले, तेव्हा कुठे त्यांनीही मतदान बाऊलनंतर घ्यायचे ठरवले. दोन मतदाने म्हटल्यावर दोन विजेते होणे ओघानेच आले: १९९०, १९९१ आणि १९९७ साली तसेच झाले. १९९०चे एक विजेते कोलोरॅडो. त्यांच्या हंगामातला मिसुरीविरुद्धचा सामना पंचांच्या चुकीमुळे गाजला. या खेळात चेंडू पुढे नेण्यासाठी चार प्रयत्न मिळतात; पंचांची मोजणी चुकली, कोलोरॅडोला पाचवा मिळाला, आणि त्या पाचव्या प्रयत्नावर त्यांनी सामना ३३-३१ असा जिंकला. मतदारांनी त्या विजयाचे मोल किती धरावे, याला काहीच नियम नव्हता. १९८४ साली ब्रिगहॅम यंग विद्यापीठ सगळे तेरा सामने जिंकून विजेते ठरले, आणि त्यांनी तगड्या संघांशी गाठ घेतली नाही म्हणून आजही लोक नाक मुरडतात. गोंधळाची कमाल पाहायची तर अलाबामाच्या अधिकृत यादीत १९४१चेही राष्ट्रीय विजेतेपद आहे. त्या वर्षी पत्रकारांच्या क्रमवारीत तो संघ विसावा होता. विजेता ठरवणारे अधिकृत कोणीच नसल्यामुळे असा दावा खोडून काढणारेही अधिकृत कोणी नाही.

१९९८ साली आलेल्या बीसीएस व्यवस्थेने मतदान आणि संगणकांची गणिते एकत्र करून पहिले दोन संघ काढायचे आणि त्यांची लढत लावायची असे ठरवले. आजही कोणी 'सूत्राने निवडा' म्हटले की लोक बीसीएसकडे बोट दाखवतात, म्हणून तिचे काय बिनसले हे बारकाईने पाहायला हवे. २००० साली मायामीने फ्लॉरिडा स्टेटला २७-२४ असे हरवले होते, दोघांचा एकेक पराभव होता, तरी अंतिम लढत फ्लॉरिडा स्टेटला मिळाली. २००१ साली नेब्रास्काने शेवटच्या सामन्यात कोलोरॅडोकडून ६२-३६ असा मार खाल्ला, आपल्या कॉन्फरन्सची अंतिम फेरीही गाठली नाही, आणि तरी ते राष्ट्रीय अंतिम लढतीत पोहोचले. २००३ साली दोन्ही मतदानांत पहिला असलेला यूएससीचा संघच बाहेर राहिला. २००४ साली ऑबर्न अपराजित राहूनही बाहेर राहिले, कारण अपराजित संघ दोनहून अधिक होते आणि जागा दोनच. दरवेळी ओरड झाली आणि दरवेळी गणित बदलले गेले: मोठ्या फरकाने जिंकल्याचे गुण काढून टाकले, प्रतिस्पर्ध्यांच्या ताकदीचा वेगळा घटक वगळला, मतांचे वजन वाढवले. काल जो अन्याय वाटला तो दुरुस्त करण्यासाठी आज नियम बदलायचा, आणि उद्या त्या नव्या नियमाने तिसऱ्याच कोणावर अन्याय व्हायचा. शिवाय हे 'सूत्र' नावापुरतेच सूत्र होते. शेवटच्या रूपात त्यातला दोन तृतीयांश भाग मतदानाचा होता. त्यात मत देणारे प्रशिक्षक स्वतःच्या प्रतिस्पर्ध्यांना क्रम देत होते. २००४ साली टेक्ससच्या प्रशिक्षकांनी उघडपणे मते मागितली, शेवटच्या आठवड्यात कॅलिफोर्निया खाली आणि टेक्सस वर गेले, आणि रोझ बाऊलचे निमंत्रण फिरले. कोणी कसे मत दिले हे तेव्हा गुप्त होते. त्या हंगामानंतर असोसिएटेड प्रेसने आपले मतदान बीसीएसला वापरू द्यायला नकार दिला.

बीसीएसच्या सहा संगणकी क्रमवाऱ्यांपैकी पाचांचे पूर्ण गणित लोकांपुढे नव्हते. एकच, खगोलशास्त्रात शिकलेल्या वेस्ली कॉली यांची, कोणालाही घरी बसून पडताळता येई. २०१०च्या अखेरच्या क्रमवारीत कॉलींच्या गणितात खालच्या गटातल्या ॲपालेशियन स्टेट आणि वेस्टर्न इलिनॉय यांच्या सामन्याचा निकाल भरायचा राहिला होता. तो एक निकाल भरल्यावर एकूण क्रमवारीत एलएसयू आणि बॉयझी स्टेट यांच्या दहाव्या-अकराव्या जागांची अदलाबदल झाली. चूक एका पत्रकाराने स्वतः गणित करून शोधली, आणि ती लगेच दुरुस्त झाली. या प्रसंगाचा दाखला 'संगणकावर भरवसा नको' म्हणून दिला जातो. मला त्यातून नेमके उलटे दिसते. चूक सापडली ती ज्याचे गणित उघडे होते त्याची. उरलेल्या पाचांत काय चुकले असेल, हे बाहेरच्या कोणाला तपासताच आले नसते. बंद खोलीतल्या चर्चेत एखादा निकाल विसरला गेला, तर तो कोण शोधणार?

तरीही पुढचे पाऊल बंद खोलीकडेच पडले. २०११च्या हंगामात एलएसयू आणि अलाबामा या एकाच कॉन्फरन्समधल्या दोन संघांत अंतिम लढत लागली. आधी एलएसयूने अलाबामाला त्यांच्याच मैदानावर ९-६ असे हरवले होते. अंतिम लढत अलाबामाने २१-० अशी जिंकली. देशाचा मोठा भाग वैतागला, आणि २०१४ पासून चार संघांची बाद फेरी, म्हणजे प्लेऑफ, सुरू झाली. निवड तेरा जणांच्या समितीकडे सोपवली गेली: विद्यापीठांचे क्रीडा संचालक, माजी प्रशिक्षक, माजी खेळाडू वगैरे. माणसे नामांकित होती. पहिल्या समितीत माजी परराष्ट्रमंत्री काँडोलीझा राइसही होत्या. आपल्या विद्यापीठाची चर्चा निघाली की सदस्याने बाहेर जायचे, हा नियम आहे आणि तो चांगला आहे. समितीपुढे निकषही लेखी आहेत: कॉन्फरन्सचे विजेतेपद, प्रतिस्पर्ध्यांची ताकद, आपापसातल्या सामन्याचा निकाल, समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी, महत्त्वाचे खेळाडू उपलब्ध आहेत की नाहीत. पण कोणत्या निकषाला किती वजन आणि दोन निकष एकमेकांना छेद देऊ लागले तर कोणता वरचढ, हे कुठेच लिहिलेले नाही. निकषांची नुसती यादी हातात असली की कोणताही निर्णय कोणत्या ना कोणत्या निकषाने समर्थनीय ठरतो. समितीवर पक्षपाताचा आरोप करायची मला गरज वाटत नाही. प्रामाणिक समितीलाही ही यादी बांधून ठेवत नाही, एवढे म्हणणे पुरेसे आहे.

पहिल्याच वर्षी याची चुणूक दिसली. टेक्सस क्रिश्चियनचा संघ शेवटच्या आठवड्यात तिसरा होता; त्यांनी आयोवा स्टेटला ५५-३ असे लोळवले आणि ते सहाव्या क्रमांकावर घसरले. ओहायो स्टेट तिसऱ्या पसंतीचा क्वार्टरबॅक घेऊन कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात उतरले, ५९-० असे जिंकले, चौथ्या क्रमांकावर आले आणि पुढे राष्ट्रीय विजेते झाले. क्वार्टरबॅक म्हणजे संघाची सगळी चाल ज्याच्या हातातून सुरू होते तो खेळाडू. नऊ वर्षांनी, २०२३ साली, फ्लॉरिडा स्टेटचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबरात जायबंदी झाला. संघाने उरलेले दोन्ही सामने जिंकले, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला क्वार्टरबॅक म्हणून उतरवून एसीसीचे विजेतेपदही मिळवले, आणि तेरा सामन्यांत तेरा विजय नोंदवले. समितीने त्यांना पाचवे ठेवले. एकेक पराभव असलेले टेक्सस आणि अलाबामा आत गेले. बलाढ्य कॉन्फरन्सचा अपराजित विजेता चार संघांच्या प्लेऑफमधून वगळला जाण्याची ती पहिलीच वेळ. कारण सांगितले गेले की ट्रॅव्हिसविना हा संघ आधीसारखा राहिलेला नाही. ते खरेही असेल. पण जखमी क्वार्टरबॅकचा संघ २०१४ साली आत आला आणि २०२३ साली बाहेर राहिला; फरक कशाने पडला, तर बघणाऱ्यांना तो कसा वाटला याने. मैदानावर उतरलेल्या एकवीस-बावीस वर्षांच्या मुलांना जिंकण्यापलीकडे दुसरे काय करता आले असते, याचे उत्तर समितीकडे नव्हते, आणि माझ्या दृष्टीने तो निर्णय इथेच ढासळतो.

याला पहिले उत्तर ठरलेले आहे: पुढे काय झाले ते पाहा. फ्लॉरिडा स्टेट ऑरेंज बाऊलमध्ये जॉर्जियाकडून ६३-३ असे हरले, मग समितीचे बरोबरच नव्हते का? हा पुरावा दिसतो तेवढा भक्कम नाही. विजेतेपदाची आशा संपल्यावर संघातल्या अनेक प्रमुख खेळाडूंनी त्या सामन्यातून अंग काढून घेतले होते. त्या दिवशी उतरलेला संघ निवडीच्या वेळचा संघ नव्हता. आणि नंतरच्या निकालावरून निवड पारखायची, तर ती दोन्ही बाजूंनी पारखावी लागेल. २०१७ साली सेंट्रल फ्लॉरिडाचा अपराजित संघ समितीने बाराव्या क्रमांकावर ठेवला. त्याने पीच बाऊलमध्ये ऑबर्नला ३४-२७ असे हरवले. त्याच ऑबर्नने त्या हंगामात अलाबामा आणि जॉर्जिया या दोघांनाही हरवले होते, आणि राष्ट्रीय अंतिम लढत याच दोघांत झाली. म्हणून सेंट्रल फ्लॉरिडा सर्वोत्तम होते असे मी म्हणत नाही. एका सामन्याने ते सिद्धही होत नाही आणि खोटेही ठरत नाही. दार उघडण्यासाठी काय करायचे हे त्या संघाला कोणी सांगितले नव्हते, त्याची तक्रार एवढीच आणि रास्त होती. छोट्या कॉन्फरन्समधून पहिला संघ, सिनसिनाटी, २०२१ साली आत आला, तोवर या व्यवस्थेची सात वर्षे उलटली होती.

२०२४ पासून बारा संघ झाले. प्लेऑफ वाढवली की वाद मिटेल ही आशा तिथे दर पिढीत नव्याने धरली जाते. वाढवण्याचा फायदा झाला हे मान्य केले पाहिजे: क्रमवारीतल्या वरच्या पाच कॉन्फरन्स विजेत्यांना हमखास जागा मिळाली, म्हणजे निदान पाच दारांची किल्ली मैदानावर आली, आणि पहिल्या फेरीचे सामने विद्यापीठांच्या आवारात, थंडीवाऱ्यात, खऱ्या प्रेक्षकांसमोर होऊ लागले. पण उरलेल्या सात जागांसाठी जुनाच खेळ चालू राहिला, रेघ चौथ्या-पाचव्या जागेवरून दहाव्या-अकराव्या जागेवर गेली इतकेच. २०२५चा शेवटचा आठवडा याचा नमुना आहे. नोटर डेम दहावे, ब्रिगहॅम यंग अकरावे, मायामी बारावे, असा क्रम होता. नोटर डेम आणि मायामी दोघांचे दहा विजय, दोन पराभव. ऑगस्टच्या अखेरीस मायामीने नोटर डेमला २७-२४ असे हरवले होते, आणि तो निकाल समितीसमोर असतानाही आठवड्यामागून आठवडे नोटर डेम वर राहिले. शेवटच्या शनिवारी दोघेही खेळले नाहीत. ब्रिगहॅम यंग आपल्या कॉन्फरन्सचा अंतिम सामना ३४-७ असा हरून खाली गेले, आणि रविवारी मायामी दहावे, नोटर डेम अकरावे झाले. समितीचे स्पष्टीकरण असे की मधला संघ निघून गेल्यावर दोघे शेजारी आले, म्हणून त्यांच्यातला सामना निर्णायक ठरला. त्याच शनिवारी अलाबामाही कॉन्फरन्सचा अंतिम सामना हरले, जॉर्जियाकडून २८-७ असे, पण ते नवव्या क्रमांकावरून हललेही नाहीत.

यात मायामीची निवड मला योग्य वाटते. समोरासमोरच्या सामन्यासारखा स्वच्छ पुरावा दुसरा नाही, आणि पुढे मायामीने थेट अंतिम लढत गाठली म्हणून मी हे म्हणत नाही. पहिल्याच फेरीत गारद झाले असते तरी हेच म्हटले असते. आक्षेप वेगळा आहे. आपसातल्या सामन्याला वजन द्यायचे तर ते पहिल्या क्रमवारीपासून द्यायचे. तिसराच संघ कुठे उभा आहे यावर दोघांमधल्या निकालाचे मोल बदलू नये. हरलेला अंतिम सामना मोजायचा तर तो ब्रिगहॅम यंग आणि अलाबामा दोघांनाही मोजायचा. मोजायचा नसेल तर दोघांनाही नाही. नोटर डेमने त्यानंतर दुसरा कोणताही बाऊल सामना खेळायला नकार दिला. तो राग अनेकांना पोरकट वाटला, पण महिनाभर दर मंगळवारी वाहिनीवरून 'तुम्ही आत आहात' असे सांगितले जात असताना आणि शेवटच्या आठवड्यात मैदानावर पाऊलही ठेवलेले नसताना बाहेर काढले जाणे, हे कोणालाही फसवणुकीसारखेच वाटणार. माझ्या मते या साप्ताहिक क्रमवाऱ्या बंद कराव्यात. त्यांनी वाहिनीचा एक तास भरतो, आणि समिती आपल्याच आधीच्या शब्दांत अडकते.

आता दुसरा, अधिक वजनदार आक्षेप. नियम आंधळा असतो. कमकुवत प्रतिस्पर्धी निवडून विजय गोळा करणारा संघ आणि खडतर वेळापत्रकातून दोन पराभव घेऊन आलेला संघ, यांत जाणकार माणूस फरक करू शकतो; पाटीवरचा आकडा करू शकत नाही. एसईसीच्या समर्थकांचे हेच म्हणणे असते आणि ते उडवून लावण्यासारखे नाही. २०२४ साली तीन पराभव असलेल्या अलाबामाऐवजी सदर्न मेथडिस्ट आत आले आणि पेन स्टेटकडून ३८-१० असे हरले, तेव्हा हा मुद्दा तावातावाने मांडला गेला. पण प्रतिस्पर्ध्यांच्या ताकदीचे मोजमाप सूत्रातही बसते, किंबहुना तिथेच ते नीट बसते: प्रत्येक विजयाला प्रतिस्पर्ध्याच्या कामगिरीनुसार किती गुण, प्रत्येक पराभवाला किती वजा, हे ऑगस्टमध्ये छापून टाकता येते. मग तगड्या संघाशी सामना ठरवणाऱ्याला आपण काय पणाला लावतो आहोत हे आधीच कळेल. आजच्या अनिश्चिततेत क्रीडा संचालक अवघड सामने रद्द करण्याकडे झुकतात, कारण पराभवाची शिक्षा ठरलेली असते आणि धाडसाचे बक्षीस समितीच्या मनावर असते. असमान वेळापत्रक असूनही आधी ठरलेल्या आकड्याने अंतिम फेरी ठरते, याचे उदाहरण क्रिकेटमध्ये आपल्या डोळ्यांसमोर आहे. २०२५च्या कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिका ६९.४४ टक्के गुणांसह पहिल्या स्थानावरून पोहोचली. त्या चक्रात त्यांची ना ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली होती ना इंग्लंडशी, आणि 'सोपे वेळापत्रक मिळाले' अशी कुरकुर झालीही. ती वेळापत्रकाबद्दल होती. आपला हक्क कोणी खोलीत बसून हिरावला, असे कोणत्याही संघाला म्हणता आले नाही. वेळापत्रक पुढच्या चक्रात सुधारता येते.

बीसीएसचे काय, असे कोणी विचारील. तिथे दोनच जागा होत्या, दोन तृतीयांश वजन मतांचे होते, गणिते झाकलेली होती आणि नियम वारंवार बदलले. त्या अपयशावरून उघड्या, स्थिर सूत्राबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. तसे सूत्र या खेळाने अजून वापरूनच पाहिलेले नाही.

माझ्या म्हणण्याला खरी कसोटी लावणारे उदाहरण ड्यूक विद्यापीठाचे आहे. २०२५ साली एसीसीत अनेक संघ दुसऱ्या स्थानासाठी बरोबरीत अडकले, बरोबरी सोडवण्याच्या किचकट नियमांतून ड्यूक अंतिम सामन्यात गेले, व्हर्जिनियाला जादा वेळेत हरवून विजेते झाले, आणि त्यांची हंगामाची नोंद होती आठ विजय, पाच पराभव. क्रमवारीत ते इतके मागे होते की छोट्या कॉन्फरन्सचे ट्युलेन आणि जेम्स मॅडिसन हे दोन विजेते पुढे गेले आणि एसीसीच्या विजेत्याला जागाच मिळाली नाही. 'विजेत्याला हमखास जागा' म्हणणाऱ्याने पाच वेळा हरलेल्या ड्यूकला आत घ्यायचे का? मला ते गिळायला जड जाते, तरी उत्तर होकारार्थीच द्यावे लागते, जर तो नियम आधी जाहीर झाला असेल तर. दुखणे त्याच्या आधीच्या पायरीवर आहे. दूरचित्रवाणीच्या पैशापायी पॅसिफिक किनाऱ्यावरची शंभर वर्षांची कॉन्फरन्स मोडली, बिग टेन अठरा संघांची झाली, एसीसी सतरा संघांची. सतरा संघांत प्रत्येकी आठ सामने झाले की राष्ट्रीय पातळीवरचा विरळपणा कॉन्फरन्सच्या आतही शिरतो, आणि विजेता ठरवायला पुन्हा कागदी तोडगे लागतात. कॉन्फरन्स आटोपशीर असत्या तर त्यांचे विजेतेपद हाच सर्वांत भरवशाचा, मैदानावर मिळवलेला पुरावा ठरला असता. न्यायाची चर्चा समितीच्या खोलीपुरती ठेवणाऱ्यांचे लक्ष या मोडतोडीकडे जात नाही, आणि मला वाटते खेळाचे सर्वांत मोठे नुकसान तिथेच झाले आहे.

पैशाचा मुद्दा टाळून चालणार नाही. ईएसपीएन वाहिनीने प्लेऑफच्या हक्कांसाठी केलेला करार सहा वर्षांना ७.८ अब्ज डॉलरचा आहे. २०२६ पासूनच्या वाटपात बिग टेन आणि एसईसी यांना प्रत्येकी सुमारे २९ टक्के ठरलेले आहेत, कोणता संघ किती जिंकला याचा त्याच्याशी संबंध नाही. मोठ्या विद्यापीठांचे प्रेक्षक जास्त, म्हणून त्यांचा वाटा जास्त, हे व्यापाराच्या हिशेबाने चूक म्हणता येत नाही. पण याच दोन कॉन्फरन्सना पुढच्या स्वरूपाबद्दल निर्णायक शब्दही मिळाला आहे. बिग टेनने सोळा संघांचा एक आराखडा पुढे केला होता: बिग टेन आणि एसईसीला प्रत्येकी चार हमखास जागा, एसीसी आणि बिग ट्वेल्व्हला दोन-दोन. नियम आधी जाहीर असावा या माझ्या अटीत हा आराखडा बसतो, म्हणून तिला एक जोड द्यावी लागते: ती जागा कोणत्याही संघाला त्या हंगामातल्या खेळाने कमावता आली पाहिजे, मागच्या दशकाच्या नावलौकिकावर ती कोणाच्या नावे आधीच राखून ठेवता कामा नये.

२०२६च्या हंगामापुरते संघ बाराच राहिले आहेत. नव्या करारानुसार चारही बलाढ्य कॉन्फरन्सच्या विजेत्यांना, ते क्रमवारीत कुठेही असोत, जागा मिळेल. म्हणजे ड्यूकसारखा संघ पुढच्या वेळी आत असेल. उरलेल्या सगळ्या छोट्या कॉन्फरन्सच्या विजेत्यांमध्ये मिळून हमीची जागा एकच आहे. आणि नोटर डेम पहिल्या बारांत आले की त्यांची जागा पक्की, असे एकाच विद्यापीठासाठी लिहून ठेवले आहे. कोणत्या क्रमांकापर्यंत पोहोचले की आत, हे आकड्यात सांगणारी करारातली सर्वांत स्पष्ट ओळ तीच आहे. ती उरलेल्या विद्यापीठांसाठी का लिहिली गेली नाही, याचे समाधानकारक उत्तर प्लेऑफच्या व्यवस्थापनाने अजून दिलेले नाही.